युद्धावरच्या माहितीपटातल्या शिव्या: ठेवायच्या, बीप करायच्या की गिळायच्या?

मांडवीपार

गोवा मुक्तीवरचा ५२ मिनिटांचा माहितीपट संकलनाच्या टेबलावर आहे. १९ डिसेंबरला दूरदर्शनवर लागावा असा प्रयत्न चाललाय. मुलाखती हिंदी, मराठी, कोकणी आणि पोर्तुगीज अशा चार भाषांतल्या, दहा-बारा वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेल्या. बोलणारे बहुतेक आता हयात नाहीत, म्हणजे 'तो शब्द सोडून परत सांगता का' हा मार्ग बंद.

अडलंय तीन ठिकाणी. अंजदीव बेटावर उतरताना समोरून गोळीबार सुरू झाला, तो क्षण सांगताना एका माजी नौसैनिकाच्या तोंडून हिंदीत आईवरून शिवी जाते. कुणाला उद्देशून नाही, निघून जाते. दुसरीकडे एक पोर्तुगीज माजी सैनिक पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या 'जिंका नाहीतर मरा' या फर्मानाबद्दल बोलताना त्याला दोनदा शिवी हासडतो. त्यावर मराठी निवेदनाचा आवाज आहे आणि खाली सबटायटलही. तिसरी जागा कोकणीतली. एक वयस्क गृहस्थ पोर्तुगीजांच्या खबऱ्यावर चिडून त्याची जात काढतात.

शिवाय 'पाकले' (पोर्तुगीजांसाठीचा कोकणी शब्द) अकरा वेळा आलाय. तोही काढा असं एक मत पडलंय!

सार्वजनिक वाहिनीने हे कापावं का? नियमात नेमकं काय आहे? आणि कापायचंच ठरलं तर नीट कसं कापायचं? टीममध्ये 'साक्ष आहे, हात लावू नका' आणि 'घरातली सगळी बसून बघतात' असे सरळ दोन तट आहेत.

कलम_सहा

आधी एक गैरसमज. 'टीव्हीवर शिवी चालणार नाही' असं शब्दशः सांगणारं कलम शोधत बसू नका, मिळणार नाही. खासगी वाहिन्यांना केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स नियम, १९९४ मधला नियम ६, म्हणजे प्रोग्रॅम कोड लागतो. त्यात सुरुची आणि सभ्यतेला बाधा आणणारं नको, अश्लील नको, बदनामीकारक नको, अशी मोघम यादी आहे. मुलांना न मानवणारे कार्यक्रम मुलं सर्वात जास्त संख्येने बघत असतील त्या वेळी लावू नयेत, असंही त्यातच आहे; पण घड्याळाचा आकडा दिलेला नाही. लोक 'रात्री ११ ते पहाटे ५' म्हणतात तो आकडा खासगी मनोरंजन वाहिन्यांच्या स्वनियमनातला. ब्रिटनमध्ये रात्री ९ ते पहाटे साडेपाच अशी स्पष्ट रेघ आहे आणि सगळ्यात जहाल शब्द त्याआधी येऊच शकत नाहीत. तिथल्या संकलकाला निदान कळतं तरी की आपण रेघेच्या अलीकडे आहोत की पलीकडे.

दूरदर्शनला प्रसारभारती कायदा आणि आकाशवाणी-दूरदर्शनची जुनी प्रसारण संहिता. संहितेतही 'अश्लील वा बदनामीकारक' एवढंच. म्हणजे तुमची फाइल तपासायला बसलेल्या माणसाच्या अंदाजावर गाडी येते, आणि नियम मोघम असला की तपासणारा नेहमी सावध बाजूला झुकतो. त्यात त्याचा दोष नाही. तक्रार आली की उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

दूरदर्शनने आक्षेपाचा शेरा मारला तर उत्तरात घालायला दोन निकाल जवळ ठेवा. मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की शिवराळ भाषा ऐकून किळस येईल, धक्का बसेल, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाही. तो खटला आयटी कायद्याखालचा, ऑनलाइन मजकुराचा. तो दाखवून दूरदर्शनला 'आता लावाच' म्हणता येणार नाही. पण शेऱ्यात 'अश्लील' हा शब्द आला तर उपयोगी. दुसरा २००६ चा: आनंद पटवर्धनांचा माहितीपट दूरदर्शनने नाकारला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने दाखवायला लावला. तिथे वाद शिव्यांचा नव्हता. पण सुटा तुकडा काढून नव्हे, अख्खं काम बघून ठरवा, हे त्यातलं सूत्र तुमच्या कामाचं आहे.

तिसऱ्या जागेला यातलं काहीही लावू नका. तो शब्द अनुसूचित जाती-जमातींपैकी कुणाबद्दल असेल तर १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचा प्रश्न येतो. नसला तरी खबऱ्या एक आणि डाग अख्ख्या समाजाला, असं ते वाक्य आहे. माझ्या मते वाक्यच काढा. ठेवायचंच असेल तर शब्द पूर्ण बंद आणि प्रसारणाआधी वकिलाची नजर.

हॉलमध्ये जाहीर खेळ करणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+, १६+ असे तीन भाग झालेत. इफ्फीसारख्या महोत्सवाला सूट मिळते ती त्या महोत्सवापुरती. ती दाखवून दुसऱ्या दिवशी गावच्या हॉलमध्ये लावता येत नाही.

पंचवीस_फ्रेम

ठेवायची की काढायची ते बाकीचे सांगतील. काढताना काम कुठे फसतं तेवढं सांगतो.

आपलं काम सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंद. बोलण्याच्या ओघातली शिवी साधारण ८ ते १२ फ्रेमची असते. ती व्हिडिओच्या टाइमलाइनवर फ्रेमच्या कडेला कापली तर एकतर आधीच्या शब्दाची शेपटी उडते, नाहीतर शिवीचं पहिलं व्यंजन राहतं. नुसता 'भ' किंवा 'म' कानावर पडला की पुढचं प्रेक्षक स्वतः भरतो, आणि कधीकधी मूळ शिवीपेक्षा वाईट भरतो. म्हणून हे काम आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये, वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून करा. दोन्ही कडांना ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) द्या, नाहीतर 'टक्' असा आवाज येतो.

सगळ्यात नेहमीची चूक: एकच ट्रॅक बंद करणं. मुलाखतीत कॉलरचा माइक चॅनेल १ वर, बूम किंवा कॅमेऱ्याचा माइक चॅनेल २ वर असतो. एक बंद केला तरी दुसऱ्यावरून शिवी बारीक, खोल, पण स्वच्छ ऐकू येते. हेडफोनशिवाय ती कळत नाही आणि घरच्या टीव्हीवर बरोब्बर कळते. मोठी खोली, कौलारू छप्पर, उघडी वसरी असेल तर शब्दानंतर पाव सेकंद घुमारा राहतो. तोही घ्यायला लागतो.

पोर्तुगीज बाइटमध्ये, म्हणजे मुलाखतीच्या तुकड्यात, वेगळा सापळा आहे. मूळ आवाज पहिले दोन-एक सेकंद पूर्ण, मग निवेदनाखाली १५-१८ डीबीने दबलेला, आणि शेवटी परत वर. शिवी दबलेल्या भागात असेल तर तपासणाऱ्याला ती सहसा कळतही नाही. पण जिथे आवाज वर येतो तिथे पडली तर निवेदन संपल्यावरच्या शांततेत ती एकटी वाजते. आधी फेडची जागा अर्धा सेकंद पुढेमागे करून बघा, कदाचित कापायची वेळच येणार नाही.

बीपचा टोन १ किलोहर्ट्झचा. लोक तो कलर बारसोबतच्या टोनमधून उचलून टाकतात. तो असतो उणे १८ किंवा उणे २० डीबीएफएसला (डिजिटल आवाजाच्या पातळीचं माप). कार्यक्रम उणे २३ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) बसवलेला असेल तर हा टोन बोलण्याच्या ३ ते ५ डीबी वर जातो आणि सपाट टोन कानात आणखीच टोचतो. दोन्ही चॅनेलवर उणे २३ डीबीएफएस ठेवला तर तो मीटरवर उणे २३ एलयूएफएसच वाचतो. त्याच्याही तीन-चार डीबी खाली नेलात तर बरा बसतो. एकाच चॅनेलवर राहिला तर डाव्या कानातच पीं वाजतं, तेही तपासा.

नुसतं म्यूट करणार असाल तर मागचा आवाज भरा. पंखा, जनरेटर, कौलांवरचा पाऊस, यातलं काहीही चालू असेल तर म्यूटच्या जागी भोक पडतं: पाऊस थांबतो आणि सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात परत सुरू होतो. त्याच मुलाखतीतला बोलण्यामधला विराम शोधा, तिथला आवाज उचलून भरा. शूटिंगच्या वेळी ३० सेकंद खोलीचा आवाज वेगळा घेतला असेल तर सोन्याहून पिवळं.

आता ओठ. हिंदी-मराठीतल्या बऱ्याच जहाल शिव्या भ, म, ब यांच्यावर उघडतात आणि या अक्षरांना ओठ मिटतात. क्लोजअपमध्ये ते बहिऱ्यालाही दिसतं, ऐकणाऱ्यालाही. पहिल्या महायुद्धाच्या मूक फुटेजवरचा एक माहितीपट २०१८ मध्ये आला, त्यात ओठ वाचणाऱ्या तज्ज्ञांना बसवून सैनिक काय बोलत होते ते शोधून काढलं होतं. शंभर वर्षांनी जर शब्द सापडतो तर आपल्या एचडी क्लोजअपमध्ये काय लपणार? तोंडावर ब्लर टाकला की सगळ्यांची नजर तिथेच जाते. त्यापेक्षा हातांचा शॉट किंवा अंजदीवचा फोटो दीड-दोन सेकंद वर टाका. नुसता १० फ्रेमचा टाकू नका, तो झटका वाटतो.

एक गोष्ट मात्र कधी करू नका. जुन्या लढाईच्या फुटेजचा आवाज एकाच मिश्र ट्रॅकवर असतो. त्यातली आरोळी काढायला शेजारचा गोळीबार उचलून चिकटवला तर ऐकायला बेमालूम होतं, पण तुम्ही न झालेल्या गोळ्या झाडल्यात. पुरावा म्हणून त्या आवाजाची किंमत गेली. तिथे सरळ बीप. बीप म्हणजे निदान कबुली तरी असते की इथे काहीतरी काढलंय.

डिचोलीचे_मास्तर

पंचवीस_फ्रेम, तांत्रिक भाग उत्तम. पण 'साक्ष आहे, हात लावू नका' या तटाला माझा विरोध आहे, तो मांडतो.

१९ डिसेंबरला गोव्यात सार्वजनिक सुट्टी. पोरं घरी. सकाळचं झेंडावंदन आटोपलं की टीव्ही लागतो, आणि आजीआजोबांनी मुद्दाम लावलेला असतो. तुम्ही रात्री दहाची वेळ मागितलीत आणि मिळाली, तरी पुनःप्रक्षेपणाचं काय? दुसऱ्या दिवशी दुपारी मोकळा स्लॉट दिसला की तीच फाइल चढते. वेळेची अट तुमच्या डोक्यात असते, फाइलला ती माहीत नसते. नंतर कुणीतरी ती शाळेच्या प्रोजेक्टरवरही लावणार, कारण मुक्तिसंग्रामावर मुलांना दाखवण्यासारखं दुसरं फारसं नाही.

दुसरा मुद्दा कुणी काढलाच नाही: बोलणाऱ्याचा. तो नौसैनिक कॅमेऱ्यासमोर भावनेच्या भरात बोलून गेला. नातवंडांपुढे तो शब्द त्याने उच्चारला असता का? तो असता तर विचारता आलं असतं. आता नाही. त्याच्या गावात त्याला ओळखणारे लोक त्या शिवीसकट त्याला लक्षात ठेवणार. संमतिपत्रावर सही आहे म्हणून सगळं आपलं होत नाही. घरच्यांना तेवढा तुकडा दाखवून विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शिवी काढल्याने अंजदीवची भीती कमी होत नाही. ती आवाजात आहे, थांबण्यात आहे.

'पाकले' काढा म्हणणाऱ्याला मात्र माझ्याकडे पाठवा. तो शब्द काढलात तर १९६१ चा गोवा कोण बोलतोय तेच कळणार नाही.

कलम_सहा

@मास्तर, पुनःप्रक्षेपणाचा मुद्दा शंभर टक्के. त्यावर तोडगा म्हणजे दोन फाइली, आणि हे दुसरीकडे करून झालेलं आहे. अमेरिकेत पीबीएस ही सार्वजनिक वाहिनी. २००५ मध्ये इराकमधल्या एका अमेरिकी तुकडीवरचा त्यांचा माहितीपट आला, तेव्हा स्थानकांना डीफॉल्ट पाठवली ती शिव्या काढलेली आवृत्ती. मूळ हवी असेल त्या स्थानकाने जबाबदारी आपली असं लिहून द्यायचं. पुढच्या वर्षी तिथे असभ्य प्रसारणाच्या दंडाची कमाल मर्यादा ३२,५०० डॉलरवरून थेट ३,२५,००० डॉलरवर गेली. मग २००७ मध्ये केन बर्न्स यांची दुसऱ्या महायुद्धावरची मालिका आली. सात भाग, त्यात आक्षेपार्ह शब्द मोजून चार, त्यातलेही काही सैनिकी आद्याक्षरांची फोड सांगताना आलेले. तरी दोन आवृत्त्या निघाल्या. तिथे रात्री १० ते सकाळी ६ मध्ये सूट आहे, हेही लक्षात घ्या.

मोघम नियम काय करतो त्याचा नमुना त्याच्या आधीचा आहे. २००४ मध्ये नॉर्मंडीच्या लढाईवरचा गाजलेला चित्रपट न कापता दाखवायचा होता. साठाहून अधिक स्थानकांनी दंडाच्या धास्तीने तो लावलाच नाही. काही महिन्यांनी नियामक आयोग म्हणाला, संदर्भ पाहता त्यात असभ्य काही नव्हतं. लोकांनी जे बघितलं नाही ते नाहीच.

घरच्यांना विचारण्याबद्दल: विचारा जरूर. पण नकाराचा हक्क त्यांना एका शब्दावर द्या, सगळ्या साक्षीवर नव्हे. नाहीतर उद्या 'आमचे बाबा घाबरले होते हे वाक्यही नको' असं येईल.

दुभाषी

पोर्तुगीज जागेबद्दल. तिथे शिवी कापायची की नाही यापेक्षा तिचं भाषांतर कसं केलंय ते आधी बघा. पोर्तुगीजमधले बरेचसे जहाल शब्द शब्दशः पाहिले तर शरीराच्या अवयवांचे आहेत, पण बोलणारा ते उद्गार म्हणून वापरतो. 'पोर्रा' घ्या. कोशात त्याचा अर्थ पाहून मराठीत उतरवलात तर वाचणारा दचकेल. सैनिकाच्या तोंडी त्याचं वजन 'च्यायला'पेक्षा फार जास्त नसतं. कोश समोर ठेवून केलेलं भाषांतर मूळ माणसाला त्याच्यापेक्षा शिवराळ करतं. उलटी चूकही तितकीच वाईट: सालाझारला उद्देशून 'रांडेचा' या तोडीचं काही म्हटलं असेल आणि खाली 'तो वाईट माणूस' असं दिसलं, तर पणजी-मडगावात अजून पोर्तुगीज कळणारी माणसं आहेत. ती हसतील, आणि मग बाकीच्या भाषांतरावरही विश्वास ठेवणार नाहीत.

इथे रागाला कारण आहे. १४ डिसेंबरला वरून हुकूम येतो की शरणागती नको, सैनिक एकतर विजयी नाहीतर मृत. १९ ला गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालु ए सिल्वा शरण येतात, हजारो सैनिक कैदी होतात आणि १९६२ च्या मे महिन्यापर्यंत घरी जात नाहीत. ज्या सरकारने मरायला सांगितलं त्याच सरकारने सुटून आलेल्यांना तुच्छ लेखलं. त्या माणसाच्या शिवीत हा सगळा हिशेब आहे. 'हरामखोर' चालेल: खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला म्हणतात तोच शब्द, आणि दूरदर्शनच्या कानालाही तो नवा नाही.

निवेदकाच्या आवाजात मात्र शिवी घालू नका. स्टुडिओत बसून शांत सुरात म्हटलेली शिवी मूळ शिवीपेक्षा घाण लागते. निवेदन तिथे अर्धा सेकंद थांबवा, मूळ आवाज वर येऊ द्या, अर्थ सबटायटलवर सोडा.

मांडवीपार

सगळ्यांचे आभार, देव बरें करूं.

सध्याचा निर्णय असा. कोकणीतलं जातीचं वाक्य पूर्ण बाहेर. पोर्तुगीज शिव्या मूळ आवाजात राहणार, खाली 'हरामखोर', निवेदक गप्प. 'पाकले' अकराच्या अकरा वेळा राहणार. नौसैनिकाच्या घरी तुकडा दाखवायला जायचं ठरलंय. ते हो म्हणाले तर 'रात्री १० नंतरच' अशी वेगळी फाइल, आणि दिवसाची फाइल बीपची. नावातच 'दिवस' आणि 'रात्र' लिहितोय, पुढच्या पाटीवरही तेच.

एक शंका राहिली. दिवसाच्या फाइलला कर्णबधिरांसाठी मराठी सबटायटल आहेत. तिथे शब्दाच्या जागी फुल्या टाकल्या, तर एका सेट टॉप बॉक्सवर मध्येच ठिपक्यांचा गोल दिसतोय. असं का?

दुभाषी

तुम्ही व्यंजनाच्या जागी फुली टाकलीत आणि त्याची वेलांटी किंवा काना तसाच ठेवलात. देवनागरीत मात्रा एकटी उभी राहू शकत नाही. व्यंजन नसलं की बहुतेक फॉन्ट आधाराला ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. ऱ्हस्व इकार तर फुलीच्या अलीकडे येऊन बसतो, म्हणजे आणखी विचित्र. अक्षर मात्रेसकट, जोडाक्षर असेल तर हलन्तासकट उडवा, मग फुल्या टाका.

आणि फुल्याच का? कान असलेल्याला बीप ऐकू येतो, पहिलं अक्षर नाही. वाचणाऱ्यालाही तेवढंच द्या. चौकटी कंसात 'बीप' लिहा, काम झालं. इंग्रजी आणि कोकणी सबटायटलच्या फाइली वेगळ्या असतील तर त्याही उघडा. मराठीत दुरुस्ती होते आणि इंग्रजीत अख्खी शिवी छापलेली राहते.

पंचवीस_फ्रेम

प्रोमोसुद्धा. ३० सेकंदांचा प्रोमो रात्रीच्या फाइलमधून कापतात आणि संध्याकाळच्या बातम्यांआधी लावतात.

मांडवीपार

बघितलं. अंजदीवचाच बाइट घेतलाय प्रोमोला. बदलतो.